हात सैल सोडा, महाराज

या, या, आत या. मनू, तो पाय पांघरुणात घे आधी. सदू, तिची उशी तिला दे. दे म्हणते ना! नाहीतर मी आपली गप्प बसते, आणि तुमची गोष्ट गेली बोंबलत. हं, आता कसं!

तर एक होता राजा. होता म्हणजे होताच, आता राहिला नव्हता. काय म्हणालास सदू, मेला? नाही रे बाबा, चांगला धडधाकट होता. पण राज्य दिलं मुलाला, मुकुट गेला मुलाच्या डोक्यावर, आणि हा बसला रिकामा. माजी राजा. आपले आजोबा नाही का, शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन मला विचारायला लागले, "फोडणीत आधी काय टाकतेस, मोहरी की जिरं?" अगदी तस्सा.

त्याचं नाव सुभानराजा, आणि गाव पळसगड. पण गोष्ट सुरू होते ती थोडी आधी. तेव्हा मुकुट अजून त्याच्याच डोक्यावर होता.

एकदा काय झालं, पळसगडचे तीन कासार बांगड्या विकायला निघाले. कासार ठाऊक आहे ना मनू? तुला जत्रेत ज्यानं हिरव्या बांगड्या भरल्या, तो. एक होता रखमाजी, दुसरा मल्हारी, आणि तिसरे म्हातारे सखोबाकाका. रखमाजीची एक लेक होती, चंपी. एवढीश्शी. ती बापाचं धोतर धरून बसली, "बाबा, मला बांगड्या भरा, मग जा." आता कासाराचीच पोर, पण तिच्या मापाच्या बांगड्या पेटीत नव्हत्या. इतका इवला हात कुणाचा असतो? रखमाजी म्हणाला, "येताना आणतो हं तुझ्या मापाच्या. आणि मीच भरीन. दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायच्या नाहीत, काय?" चंपीनं मान हलवली. बापानं आपलं लाडानं म्हटलं होतं. पोरीनं ते मनात घट्ट धरून ठेवलं.

मग तिघं निघाले. वाटेत एका बाजारात रखमाजीनं चंपीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या घेतल्या, फडक्यात बांधल्या आणि कनवटीला खोचल्या. मग घाट चढले. वर एवढं धुकं, एवढं धुकं, की आपला हात आपल्याला दिसेना. वाट चुकली. आणि धुकं जरा विरळ झालं तेव्हा बघतात तर काय, ते पोचले होते धुक्याच्या मुलखात.

तिथं सगळं पांढरंफटक. घरं पांढरी, झाडं पांढरी, माणसंसुद्धा ताकासारखी. रंग म्हणून कुणाला माहीत नाही. त्या मुलखाची राणी होती निहारराणी. तिची छोटी राजकन्या वाड्याच्या पायरीवर मैत्रिणींबरोबर खेळत होती. तिनं कासारांच्या पेट्या पाहिल्या. लाल, हिरवं, पिवळं! पोर वेडीच झाली. म्हणाली, "हे मला हवं."

मग कासार काय करणार? जे रोज करतात तेच. तिघं खाली बसले, पेट्या उघडल्या, आणि रखमाजी म्हणाला, "ताईसाहेब, हात द्या." आणि त्यानं तिचा हात धरला. मल्हारी आणि सखोबाकाकांनी मैत्रिणींचे धरले. अगं, कासाराला हात देताना आपल्याकडे कुणाला काही वाटतं का? तो भाऊच. हात धरल्याशिवाय बांगडी चढेल कशी?

पण त्या मुलखाची रीत वेगळी होती, बरं का. तिथं कुणी कुणाचा हात धरत नसे. नमस्कार लांबून, बोलणं लांबून. हात धरायचे तो फक्त चोराचा, त्याला ओढत न्यायला. आणि इथं भर चौकात राजकन्येचा हात धरला! शिपाई धावले. राणी धावत आली. माझ्या लेकीला चारचौघांत चोर ठरवलं! तिचा जीव नुसता जळला. राणी दुष्ट नव्हती हं. आईच ती.

मग तिनं तिघांना कैद केलं. पण त्या मुलखात तुरुंग नव्हता. तिथं काय करायचे, माणसाला दिव्यासमोर उभं करायचे, भिंतीवर पडलेली सावली अलगद सोलून घ्यायचे, आणि ओल्या धोतरासारखी दरबारातल्या खुंटीला टांगून ठेवायचे. झालं! माणूस मोकळा. हिंडा, फिरा, खा, प्या. पण मुलखाच्या वेशीवर आला की पाऊल उचलत नसे. सावली मागं राहिली ना!

ही बातमी एका मेंढपाळानं पळसगडला आणली. रखमाजीची बायको गिरजा, चंपीला कडेवर घेऊन राजाच्या दरबारात गेली. राजाला खरंच वाईट वाटलं. तो काही दगड नव्हता. म्हणाला, "बाई, रडू नको. माझी माणसं आहेत ती. आणतोच."

मग त्यानं पाठवला सेनापती. सेनापती मिशीला पीळ देत गेला. त्या धुक्यात त्यानं तलवार काय उपसली, ती भिजलेल्या पापडासारखी लोंबायलाच लागली! हसा, हसा. राणी नाही हसली. ती म्हणाली, "तलवारीचं काम नाही. तुमच्या राजाला सांगा, इथं येऊन माझ्या दरबारात बस. ह्याच कासाराच्या हातात आपला हात दे आणि बांगड्या भरून घे, जशा ह्यानं माझ्या लेकीला भरल्या. मग मला पटेल, की तुमच्यात हात धरणं हा अपमान नाही. त्या क्षणी सावल्या सोडते."

सेनापतीनं परत येऊन निरोप सांगितला. आणि पळसगडच्या दरबारात जो गलका झाला म्हणून सांगू! "राजानं बांगड्या भरायच्या? आमच्या राजानं?" कारण आपल्याकडे रीत कशी, पुरुष भ्याला की त्याला म्हणायचं, "जा, बांगड्या भर." त्याहून मोठी शिवी नाही. का नाही ते मला विचारू नका. मी जन्मभर बांगड्या भरल्यात. ह्याच हातांनी विहिरीचं पाणी ओढलं, ह्याच हातांनी तुमच्या बापाला विंचू चावला तेव्हा विंचू ठेचला. पण नाही! बांगड्या म्हणजे भित्रा! बरं, जाऊ दे. राजाचं तोंड लालबुंद झालं. म्हणाला, "ते होणे नाही."

मग त्यानं पाठवला खजिनदार, सोन्याची थैली देऊन. पण धुक्यात सोनं चमकेचना. गारगोट्यांसारखं नुसतं पडून राहिलं. राणी म्हणाली, "हे काय करू? राजाला पाठवा." मग पाठवले शास्त्रीबुवा. ते बोलले, खूप बोलले. पण त्या थंडीत प्रत्येक शब्दाची तोंडातून वाफ व्हायची आणि विरून जायची. राणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राजाला पाठवा."

निघताना रखमाजी शास्त्रीबुवांना वेशीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "चंपीला सांगा, बांगड्या जपून ठेवल्यात."

मग राजा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी नदीला पूर आला. त्याच्या पुढच्या वर्षी राजपुत्राचं लग्न निघालं. मग देवळाचं काम, मग पाहुणे. राजाला काय, शंभर कामं. आणि कासाराच्या घरी एकच काम होतं, वाट बघायचं. दर वर्षी गिरजा दरबारात यायची, आणि दर वर्षी राजा म्हणायचा, "विसरलो नाही बरं का, बाई." आणि खरंच, तो विसरला नव्हता. त्याचंच तर मला वाईट वाटतं. विसरला असता तर गोष्ट वेगळी. त्याला आठवत होतं, आणि तरी तो गेला नाही.

मग वर्षं गेली. राजा म्हातारा झाला. राज्य मुलाला दिलं आणि आपण झाला माजी.

आता माजी राजाच्या पुढं ना भालदार, ना मागं चोपदार. एक दिवस तो एकटाच बाजारात गेला. पहिल्यांदाच पायी. श्रावण होता. सगळ्या बाया-पोरी बांगड्या भरायला निघालेल्या, बाजारभर नुसती किणकिण. आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर एक मुलगी बसली होती. चांगली मोठी, परकर-पोलक्यातली. दोन्ही हात मोकळे.

राजा म्हणाला, "काय गं पोरी, सणासुदीचे हात असे का?"

तिनं ह्याला ओळखलं नाही. मुकुट नसला की राजा आणि कुणाचा आजोबा, सारखेच दिसतात. ती म्हणाली, "माझे बाबा भरणारेत. ते धुक्याच्या मुलखात अडकलेत. राजा आणणार होता त्यांना."

"मग?"

"मग काही नाही. राजाला बांगड्यांची भीती वाटते म्हणे." आणि मग तिनं अगदी खरं विचारायचं म्हणून विचारलं, "आजोबा, बांगड्या काय चावतात का हो?"

राजा ओट्यावर तिच्या शेजारी बसला. बराच वेळ बसला. मग उठला तो थेट मुलाकडं गेला. म्हणाला, "मी जातो कासारांना आणायला."

नवा राजा घाबरला. "बाबा, लोक काय म्हणतील? पळसगडनं बांगड्या भरल्या?"

"पळसगड नाही, मी भरणार. मी आता कोण आहे? कुणी नाही. निशाण देऊ नकोस, घोडाही नको. काही बिनसलं तर सांग, म्हातारा तीर्थाला गेला होता."

मग निघाला बिचारा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. घाटात दम लागला, गुडघे बोलायला लागले. आणि मनात एकच, की तेव्हाच निघालो असतो तर ह्या वाटेला घोड्यावर किती थोडा वेळ लागला असता.

पोचला धुक्याच्या मुलखात. निहारराणीही आता पिकली होती. ती म्हणाली, "मी राजाला बोलावलं होतं. तू तर राजा नाहीस."

तो म्हणाला, "खरं आहे. पण तेव्हा नाही म्हणाला तो राजा मीच. नकार दिला तो हा हात. म्हणून हाच घेऊन आलोय."

राणी त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कासारांना बोलवा."

रखमाजी आला, डोकं पांढरं झालेलं. मल्हारी आला, पाठीत वाकलेला. राजानं दाराकडं पाहिलं. अजून एक यायचा होता ना? राजानं विचारलं, "सखोबाकाका?"

मल्हारीनं मान खाली घातली. "गेल्या थंडीत गेले, महाराज."

खुंट्यांवर सावल्या मात्र तीन होत्या. "एक वर्ष आधी आला असता तर" असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मग राजा खाली बसला. दरबारात, सगळ्यांसमोर, फरशीवर. रखमाजीनं पेटी उघडली. उरल्यासुरल्या बांगड्या होत्या, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या काढल्या. आणि राजाचा हात धरला. धुक्याचे लोक श्वास रोखून बघायला लागले.

पहिली बांगडी बोटांवरून चढवली, आणि कट्! वाढवली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं मनू, वाढवली म्हणायचं. दुसरी घेतली. अंगठ्याच्या मुळाशी आली, आणि कट्! तीही वाढवली. राजाच्या हाताला काच लागली, रक्ताचा टिपूस आला.

रखमाजी म्हणाला, "हात सैल सोडा, महाराज."

"मी आता महाराज नाही रे."

"मग एवढा आवळलाय कशाला?"

राजानं आपल्या हाताकडं पाहिलं. जन्मभर तलवारीची मूठ धरलेली. सैल सोडायचा कसा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग रखमाजीनं, लहान पोरींना करतात ना, तसा त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला, हळूहळू चोळला, दाबला, आणि इकडच्यातिकडच्या गप्पा मारायला लागला. घाटात पाऊस होता का? बाजारात आंबे आले होते का औंदा? माझी चंपी केवढी झाली हो? राजा सांगायला लागला, "ती आता..." आणि दुसऱ्या हातानं तिची उंची दाखवायला लागला, तेवढ्यात हा हात आपोआप सैल झाला. तिसरी बांगडी सर्रकन गेली. मग चौथी, मग पाचवी. किण किण किण.

संपलं. दूध उतू जायला लागतो ना, तेवढाच काय तो वेळ.

राजा ढसाढसा रडायला लागला. राणीला वाटलं, हात दुखला. तो म्हणाला, "एवढंच होतं?"

राणी म्हणाली, "एवढंच होतं. पहिल्या दिवसापासून एवढंच होतं."

मग राजकन्या पुढं आली. आता ती केवढी मोठी बाई झाली होती. ती म्हणाली, "आई, मी तेव्हाच सांगितलं होतं तुला, की मला चोर ठरवल्यासारखं नाही वाटलं. मला बांगड्या आवडल्या होत्या." राणीनं तोंड फिरवलं. लहान मुलांचं ऐकायचं नाही ही रीत दोन्हीकडं सारखीच होती बघा.

मग सावल्या खुंटीवरून काढल्या. मल्हारीची त्याच्या पायाला लावली. रखमाजीची लावली, पण खांद्याजवळ खुंटीचा पोचा पडला होता, तो काही गेला नाही. आणि सखोबाकाकांची सावली राजानं स्वतः काढली. नीट घडी घातली, आपल्या घोंगडीत गुंडाळली, आणि घाटभर खांद्यावरून आणली. मल्हारी म्हणाला, "द्या माझ्याकडं, दमाल." पण दिली नाही.

पळसगडला पोचल्यावर तो आधी सखोबाकाकांच्या घरी गेला. त्यांच्या बायकोला, भागाआजीला, म्हणाला, "आई, मला एवढंच आणता आलं." तिनं ती सावली अंगणात चिंचेखाली अंथरली. शेजारणी आल्या, कुजबुजायला लागल्या, आता हिच्या बांगड्या उतरवायच्या. तेव्हा रखमाजी पुढं झाला. म्हणाला, "मी कासार आहे, मला विचारा. ज्याची सावली घरात आहे, त्याच्या बायकोच्या बांगड्यांना हात लावायचा नसतो." कासारापुढं कोण बोलणार? मग भागाआजी रोज दुपारी त्या सावलीत जाऊन बसायची. गार असायचं म्हणे तिथं.

मग रखमाजी आपल्या घरी आला. दारात एक उंच मुलगी उभी. त्यानं विचारलं, "चंपी घरात आहे का गं?"

ती म्हणाली, "बाबा, मीच चंपी."

मग गिरजानं त्याला पाणी दिलं, आणि ते तो प्यायच्या आधीच चंपीनं हात पुढं केला. "भरा." रखमाजीनं कनवटीचं फडकं सोडलं. त्या इवल्या हिरव्या बांगड्या. एकही वाढवली नव्हती. त्यानं लेकीचा हात हातात घेतला आणि पहिली बांगडी बोटांवर चढवली. ती बोटांच्या मुळाशीच अडकली.

"चढेल, बाबा. दाबा अजून."

त्यानं दाबलं.

"दुखत नाही मला. दाबा."

पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रखमाजी थांबला. त्या चढायच्या नाहीत हे कासाराला आधीच कळलं होतं, बघताक्षणीच कळलं होतं, पण त्याला कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं ती अलगद काढून घेतली. आणि दाराशी उभा राहून माजी राजा हे सगळं बघत होता. त्यानं माणसं आणली होती, सावल्या आणल्या होत्या. पण त्या बांगड्यांत मावायचा तो हात, तो आता कुठून आणायचा?

मग काय? मग रखमाजीनं तिला नव्या बांगड्या भरल्या, तिच्या आताच्या मापाच्या, कोपरापर्यंत. चंपी हसली. घरात पुरणपोळ्या झाल्या. आणि त्या लहान बांगड्या तिनं जपून ठेवल्या. पुढं तिचं लग्न झालं, लेक झाली, आणि त्या लेकीच्या हातात त्या अगदी बरोबर बसल्या. भरल्या कुणी? आजोबांनी, रखमाजीनं. म्हणजे सगळं चांगलंच झालं की नाही?

आणि राजा? त्यानं आपल्या बांगड्या काढल्याच नाहीत. लोक हसले थोडे दिवस, मग थकले. तो रोज मुलाच्या दरबारात मागच्या बाजूला बसायचा, काही बोलायचा नाही. पण कुणी गरीब काही मागायला आलं, आणि नवा राजा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू," की मागून आवाज यायचा, किण किण. नवा राजा लगेच उठायचा आणि घोडा मागवायचा. पळसगडला मग सगळे सुखानं राहिले. म्हातारा राजासुद्धा. तसा सुखानंच.

काय गं मनू? अजून जागीच? काय विचारतेस? तो आधीच का नाही गेला?

तेच तर, बाळा. तोही जन्मभर तेच विचारत राहिला.

चला, झोपा आता. चंपी झोपली, तिची लेकही झोपली, चिंचेखालची सावलीही अंधारात मिसळून झोपली. दे बघू तुझा हात इकडं, मी धरते. अगं, एवढा घट्ट नको. सैल सोड. हं, असा.